वस्त्र, कायदा आणि श्रम : अमेरिकन पोशाखाच्या इतिहासाचा एक विचार

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकन संयुक्त संस्थानांचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या अंगावर तपकिरी बनातीचा साधा पोशाख होता. ही बनात कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे विणली गेली होती. नव्या राष्ट्राच्या प्रमुखाने इंग्लंडमधून येणारे उंची वस्त्र बाजूस सारून देशात विणलेले वस्त्र परिधान करावे, यातील राजकीय आशय उपस्थितांना समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्याच काळी व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते, आणि त्यांच्यासाठी ओझ्नाबर्ग नावाचे जाडेभरडे कापड विकत घेतले जात होते. एकाच मालकाने निवडलेली ही दोन वस्त्रे अमेरिकन पोशाखाच्या इतिहासाचा मूळ प्रश्न अभ्यासकापुढे ठेवतात.

हा इतिहास सामान्यतः लोकशाहीच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. डॅनियल बूर्स्टिन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'वस्त्रांची लोकशाही' ही कल्पना मांडली. युरोपात पोशाखावरून माणसाचा वर्ग ओळखता येत असे. अमेरिकेत तयार कपड्यांच्या धंद्याने हा भेद पुसट केला आणि कारकून व सावकार दुरून तरी सारखेच दिसू लागले, असा या विचारसरणीचा सारांश आहे. हे प्रतिपादन असत्य नाही. परंतु ते अपुरे आहे. त्याची दृष्टी वस्त्र वापरणाऱ्यावर खिळलेली आहे. वस्त्र निर्माण करणारा त्या दृष्टीच्या कक्षेत क्वचितच येतो. कापूस वेचणारा, सूत कातणारी आणि कपडा शिवणारी यांना या कथेत स्थान दिले, तर असे दिसून येते की, वापरणाऱ्यांमधील समता ही बहुधा निर्माण करणाऱ्यांच्या विषमतेवर उभी राहिली. क्रांती, यादवी युद्ध, आगी, महायुद्धे आणि व्यापारी करार यांनी या दोहोंमधील सीमारेषा वारंवार हलविली. ती पुसली मात्र गेली नाही. प्रस्तुत लेखात या सीमारेषेच्या काही प्रमुख स्थित्यंतरांचा विचार केला आहे.

१. घरचे सूत आणि गुलामाचे कापड

वसाहतींनी इंग्लंडसाठी कच्चा माल पुरवावा आणि पक्का माल इंग्लंडकडून घ्यावा, हे अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यापारनीतीचे सूत्र होते. १६९९ च्या लोकरीसंबंधीच्या कायद्याने वसाहतींतील लोकरी मालाच्या निर्यातीस बंदी घातली होती. १७६५ चा स्टँप कायदा आणि १७६७ चे टाउनशेंड कायदे यांच्या विरोधात जेव्हा बहिष्काराची चळवळ उभी राहिली, तेव्हा कापड हे तिचे पहिले शस्त्र ठरावे हे स्वाभाविक होते. न्यू इंग्लंडमधील स्त्रिया पाद्र्यांच्या घरी किंवा गावच्या सभागृहात चरखे घेऊन एकत्र जमू लागल्या. १७६८ साली हार्वर्ड येथील पदवीधर होणाऱ्या विद्यार्थ्यांनी देशी कापडाचे पोशाख घालूनच पदवी घेण्याचा निश्चय केला. ज्या भारतीय वाचकास १९०५ च्या स्वदेशी चळवळीचा परिचय आहे, त्याला या प्रसंगांतील तर्क अपरिचित वाटणार नाही.

तथापि या चळवळीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. घरी कातलेले सूत देशाची गरज भागवू शकत नव्हते, आणि युद्ध संपताच इंग्रजी माल पुन्हा मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. स्वदेशी वस्त्राचे मोल त्या काळी उत्पादनात नव्हते, ते प्रतीकात होते. या प्रतीकाने सामान्य गृहिणीच्या चरख्याला प्रथमच राजकीय प्रतिष्ठा दिली.

ही प्रतिष्ठा सर्वांसाठी नव्हती. साउथ कॅरोलायना या वसाहतीने १७३५ मध्ये केलेल्या व १७४० मध्ये पुन्हा अंमलात आणलेल्या कायद्यात गुलामांनी कोणते कापड वापरावे याची यादीच दिली होती. 'निग्रो क्लॉथ' या नावाचे भरड लोकरी कापड, ओझ्नाबर्ग, निळे लिनन, चौकड्याचे कापड, जाडे छीट अशा स्वस्त वाणांपलीकडे त्यांनी जाऊ नये, असा निर्बंध होता. मालकाचा गणवेष घालून चाकरी करणारे नोकर तेवढे अपवाद होते. गुलाम आपल्या पायरीपेक्षा भारी कपडे वापरतात, अशी तक्रार या कायद्याच्या मुळाशी होती. तक्रारीवरून उलट असेही सिद्ध होते की, गुलाम स्त्रीपुरुष मिळेल त्या मार्गाने बरे वस्त्र मिळवीत होते, रंगवीत होते आणि अंगावर मिरवीत होते. पळून गेलेल्या गुलामांना पकडण्यासाठी तत्कालीन वृत्तपत्रांत येणाऱ्या जाहिरातींत त्यांच्या कपड्यांचे बारीक वर्णन असे. या जाहिराती मालकांनी स्वार्थासाठी दिल्या. आज त्याच जाहिराती गुलामांच्या पोशाखाविषयीचे महत्त्वाचे साधन ठरल्या आहेत.

२. गिरणी आणि मळा

सॅम्युअल स्लेटर याच्या प्रयत्नाने १७९० मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे यांत्रिक सूतकताईस आरंभ झाला. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी वेगळी करण्याचे यंत्र तयार केले. पहिल्या घटनेने उत्तरेस गिरण्या उभ्या राहिल्या. दुसरीने दक्षिणेतील कापसाचे मळे पश्चिमेकडे मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंत पसरले. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ७ लक्ष होती. १८६० मध्ये ती ३९ लक्षांवर गेली. त्या वेळी देशाच्या एकूण निर्यातीत कापसाचा वाटा निम्म्याहून अधिक होता.

उत्तरेची गिरणी व दक्षिणेचा मळा यांना परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. कापडाच्या इतिहासात मात्र त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. मॅसॅच्युसेट्समधील वॉलथॅम व लॉवेल येथील गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत. ऱ्होड आयलंडमधील पीस डेल येथील हॅझार्ड कुटुंबासारखे गिरणीमालक खास गुलामांसाठी भरड कापड तयार करून दक्षिणेतील मळेवाल्यांना विकत. गुलामाने वेचलेला कापूस उत्तरेस जाई आणि त्याच्या अंगावरचे कापड उत्तरेकडून येई. १८१६ च्या जकातीच्या कायद्याने सुती कापडाची किमान किंमत वारास २५ सेंट धरून कर आकारण्यास प्रारंभ केला. परिणामी त्यापूर्वी न्यू इंग्लंडच्या बंदरांत येणारे हिंदुस्थानचे स्वस्त जाडे कापड अमेरिकन बाजारातून जवळजवळ हद्दपार झाले. लॉवेलच्या गिरण्यांना मिळालेल्या संरक्षणाची किंमत अशा रीतीने हिंदी विणकरानेही मोजली.

लॉवेल येथे काम करणाऱ्या मुली बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होत्या. स्वतःच्या कमाईतून त्या शहरी पद्धतीचे कपडे घेऊ लागल्या, आणि गिरणी-कामगार मुलगी ही कुलीन स्त्रीसारखी दिसते, असा शेरा परदेशी प्रवासी मारू लागले. १८३४ व १८३६ मध्ये मजुरीतील कपातीविरुद्ध व वाढलेल्या खाणावळ-खर्चाविरुद्ध याच मुलींनी काम बंद केले. बरा पोशाख मिळणे आणि श्रमाचा न्याय्य मोबदला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांना अनुभवाने कळून चुकले होते.

३. यादवी युद्ध आणि मापांचा जन्म

यादवी युद्धापूर्वीही अमेरिकेत तयार कपडे विकले जात. खलाशी, खाणकामगार आणि गुलाम हे त्यांचे प्रमुख ग्राहक होते; सभ्य माणूस शिंप्याकडून कपडे शिवून घेई. एलिअस हाउ याला १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट मिळाले होते. यंत्र होते, कापड होते. मोठ्या प्रमाणावरील एकसारखी मागणी तेवढी नव्हती. ती १८६१ मध्ये युद्धाने निर्माण केली.

युद्धारंभी उत्तरेच्या सैन्यात एकरूप गणवेष नव्हता. काही पलटणींनी करडा रंगही वापरला, आणि १८६१ च्या बुल रनच्या लढाईत मित्र कोण व शत्रू कोण, असा घोटाळा झाला. पुढील चार वर्षांत वीस लक्षांहून अधिक माणसांना गणवेष पुरवावे लागले. फिलाडेल्फियातील श्यूलकिल शस्त्रागारातून बेतलेले कापड घरोघरच्या स्त्रियांकडे शिवण्यासाठी जाई. ठेकेदारही पुढे सरसावले. त्यांपैकी काहींनी चिंध्यांच्या लोकरीपासून केलेले 'शॉडी' कापड सैन्याच्या माथी मारले. पहिल्या पावसात विरणाऱ्या त्या कपड्यांमुळे 'शॉडी' हा कापडवाचक शब्द अमेरिकन भाषेत निकृष्टतेचे विशेषण होऊन बसला.

सैनिकांच्या मापांवरून छाती, कंबर व उंची यांची ठराविक प्रमाणे धंद्याला उपलब्ध झाली. बेंजामिन गूल्ड यांनी १८६९ मध्ये सैनिकांच्या शरीरमापांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. तयार मापांची पद्धती केवळ युद्धातून जन्मली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण शिंप्यांची मापनकोष्टके त्याआधीही प्रचारात होती. परंतु जो कपडा पूर्वी गरजूंचा समजला जाई, तो लक्षावधी नागरिकांनी वर्षानुवर्षे अंगावर वागविला आणि तयार कपड्याविषयीचा संकोच मावळला, हा युद्धाचा निर्णायक परिणाम होय. १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस आणले आणि हीच सोय घरी शिवणाऱ्या गृहिणीलाही मिळाली.

या यशाची दुसरी बाजू युद्धकालीन अर्जांतून व्यक्त होते. फिलाडेल्फिया व सिनसिनाटी येथील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी, ठेकेदार सरकारी दरापेक्षा फार कमी मजुरी देतात, सबब काम सरकारने थेट आपणांस द्यावे, अशी मागणी केली. त्यांपैकी अनेकींचे पती व पुत्र रणांगणावर होते. म्हणजे सैनिकाच्या घरची स्त्री सैनिकाचाच कोट उपाशीपोटी शिवीत होती.

या युद्धाचे पडसाद पश्चिम हिंदुस्थानातही उमटले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी होताच लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदी कापसाकडे धाव घेतली. खानदेश व वऱ्हाडातील कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि मुंबईत सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद या तेजीचे आणि या पडझडीचेही अग्रणी होते. दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांची कारणमीमांसा करतानाही या तेजीमंदीचा उल्लेख केला जातो.

४. सक्तीचा पोशाख आणि श्रमाचा पोशाख

युद्धोत्तर काळात एकरूपतेचे आणखी एक रूप पुढे आले. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा स्थापन केली. तेथे दाखल होणाऱ्या मुलांचे केस कापले जात, त्यांची कातड्याची व मण्यांची वस्त्रे काढून घेतली जात आणि मुलांना लष्करी धर्तीचा गणवेष चढविला जाई. त्यांची 'पूर्वीची' व 'नंतरची' छायाचित्रे शाळेच्या प्रचारासाठी वापरली जात. ज्या पोशाखाने स्थलांतरित युरोपियनाला अमेरिकन होण्याचा आनंद दिला, तोच पोशाख भूमीच्या मूळ रहिवाशाच्या बाबतीत त्याची ओळख पुसण्याचे साधन झाला. ऐच्छिक समता आणि लादलेली एकरूपता यांतील भेद 'वस्त्रांच्या लोकशाही'च्या कल्पनेत पुरेसा स्पष्ट होत नाही.

पश्चिमेकडील खाणींच्या प्रदेशात याच सुमारास एक वेगळा पोशाख घडत होता. नेव्हाडातील रीनो येथील शिंपी जेकब डेव्हिस याने कामकऱ्यांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून ताण पडणाऱ्या जागी तांब्याच्या रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली. सॅन फ्रान्सिस्कोतील कापडव्यापारी लीव्हाय स्ट्रॉस याच्या भागीदारीत त्याला २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. जगभर पसरलेल्या जीनचा उगम हा असा मजुराच्या फाटक्या खिशात आहे. अशाच कामकरी कपड्याला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात. त्या शब्दाचा संबंध कोशकार मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्या सुती कापडाशी जोडतात. परंतु या श्रमाच्या पोशाखावरही वंशभेदाची छाया होती. १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. त्या दशकात याच कंपनीने आपला माल गोऱ्या मजुरांनी बनविलेला असल्याची जाहिरात केली. श्रमाचा गौरव करणारे वस्त्रदेखील कोणाचे श्रम गौरवास्पद, याचा निवाडा करीत होते.

५. पोलके, संप आणि आग

स्त्रियांच्या पोशाखाच्या इतिहासात विचार व परिस्थिती यांचे नाते विशेष स्पष्टपणे दिसते. १८५१ मध्ये अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या 'द लिली' या पत्रातून आखूड झग्याखाली सैल विजार घालण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. आरोग्य व सोय या दोन्ही दृष्टींनी त्यांचे म्हणणे बिनतोड होते. तरीही उपहासापुढे ती पद्धती काही वर्षांतच मागे पडली. जे प्रचाराला साधले नाही, ते १८९० नंतर सायकलीने आणि कचेरीतील नोकरीने बऱ्याच अंशी साधले. टंकलेखिका, शिक्षिका व दुकानातील विक्रेत्या यांनी पुरुषी शर्टाच्या धर्तीवरील पोलके आणि साधा घागरा असा सुटसुटीत पोशाख स्वीकारला. हे 'शर्टवेस्ट' पोलके नव्या, स्वावलंबी स्त्रीचे चिन्ह बनले.

हे चिन्ह शिवणाऱ्या स्त्रिया बहुतेक पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू व दक्षिणेकडील इटालियन मुली होत्या. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात पुढाऱ्यांची लांबलेली भाषणे ऐकून कंटाळलेल्या क्लारा लेमलिक या तरुण कामगार स्त्रीने सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. सुमारे वीस हजार कामगार संपावर गेले. १९१० च्या आरंभापर्यंत अनेक कारखान्यांनी संघटनेच्या मागण्या मान्य केल्या. ट्रँगल कंपनीने संघटनेस मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ रोजी या कंपनीच्या, इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर असलेल्या कारखान्यास आग लागली. नवव्या मजल्यावरील एक दरवाजा कुलुपबंद होता, आगीच्या वेळी उतरण्याचा बाहेरचा जिना भाराने कोसळला, आणि अग्निशामक दलाच्या शिड्या तेथवर पोहोचल्या नाहीत. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १२३ स्त्रिया होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मालकांची फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटका झाली.

न्यायालयात जे घडले नाही, ते कायदेमंडळात काही अंशी घडले. न्यूयॉर्क राज्याने नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाच्या शिफारशींवरून पुढील काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. आग प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. १९३३ मध्ये त्या देशाच्या मजूरमंत्री झाल्या, आणि अमेरिकन मंत्रिमंडळातील पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. वापरणारी व निर्माण करणारी यांच्यातील सीमारेषा या एका प्रसंगी तरी उघडी पडली. ज्या पोलक्याने एका स्त्रीला कचेरीचे दार उघडले, त्याच पोलक्यासाठी दुसरीच्या कारखान्याचे दार बंद ठेवले गेले होते.

६. मंदी, महायुद्ध आणि कापडाचे राजकारण

१९२९ नंतरच्या मंदीत ग्रामीण भागातील स्त्रिया पीठ व पशुखाद्य यांच्या रिकाम्या गोण्यांचे कपडे शिवीत. हे लक्षात येताच उत्पादकांनी गोण्यांवर फुलापानांची नक्षी छापण्यास सुरुवात केली. दारिद्र्यातही बाजार आपली वाट कशी शोधतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. याच दशकाच्या अखेरीस बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून सुमारे १५,००० स्त्रियांची शरीरमापे घेण्यात आली आणि त्यांवरील अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांना यादवी युद्धाने जे दिले, ते स्त्रियांना मंदीने दिले, असे म्हणता येईल. परंतु अहवालाच्या निष्कर्षांसाठी केवळ गोऱ्या स्त्रियांचीच मापे ग्राह्य धरली गेली. १९५८ मध्ये सरकारने याच सामग्रीच्या आधारे तयार कपड्यांची प्रमाण मापे जाहीर केली. 'सरासरी अमेरिकन स्त्री' म्हणून जी आकृती राष्ट्रापुढे ठेवली गेली, तिच्यात राष्ट्रातील कोट्यवधी स्त्रिया मोजल्याच गेल्या नव्हत्या. ही प्रमाण मापे १९८३ मध्ये मागे घेण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धाने कपड्याच्या वीतभर रुंदीलाही राष्ट्रीय प्रश्नाचे स्वरूप दिले. जून १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडले व फॅशनच्या या राजधानीशी असलेला संबंध तुटला. क्लेअर मॅकार्डेल यांच्यासारख्या अमेरिकन वेषकल्पकांना प्रथमच मोकळे मैदान मिळाले. एप्रिल १९४२ मध्ये युद्धोत्पादन मंडळाने 'एल-८५' हा हुकूम काढून स्त्रियांच्या कपड्यांची लांबी व घेर मर्यादित केला. पुरुषांच्या विजारीच्या तळाची दुमड आणि दुहेरी छातीच्या कोटाबरोबरचे जाकीट यांवर त्याआधीच बंदी आली होती. ड्यू पाँट कंपनीने मे १९४० मध्ये देशभर विक्रीस आणलेले नायलॉनचे मोजे दोन वर्षांतच दुर्मिळ झाले, कारण नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळविण्यात आले. युद्ध संपल्यावर मोज्यांसाठी दुकानांपुढे जी झुंबड उडाली, तिला वृत्तपत्रांनी 'नायलॉन दंगे' असे नाव दिले.

काटकसरीचा हा नियम सर्वांना सारखा होता. शिक्षा मात्र सारखी नव्हती. खांदे भरलेला, गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोट आणि घोट्याशी निमुळती होणारी ढगळ विजार असा 'झूट सूट' मेक्सिकन व निग्रो तरुणांत लोकप्रिय होता. कापडाच्या टंचाईच्या काळात तो देशद्रोहाचे चिन्ह मानला जाऊ लागला. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिस येथे नौसैनिकांच्या टोळ्यांनी आठवडाभर मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना मारझोड करून भर रस्त्यात त्यांचे कपडे फाडले. पोलिसांनी अटक केली ती बहुतांशी मार खाणाऱ्यांना. नगरपरिषदेने झूट सूट हा गुन्हा ठरविण्याचा विचार केला. साउथ कॅरोलायनाच्या १७३५ च्या कायद्यानंतर दोन शतके उलटली होती. आपल्या पायरीपेक्षा भारी कपडे वापरणाऱ्यांविषयीचा रोष मात्र ओळखू येण्याइतका जुनाच होता.

७. ग्रीन्सबरोचे दोन प्रसंग

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारकक्षात जाऊन बसले. त्यांचा पोशाख नीटनेटका व सभ्य होता, आणि ती निवड जाणीवपूर्वक होती. नागरी हक्कांच्या चळवळीच्या आरंभकाळी रविवारच्या प्रार्थनेचे कपडे हे आत्मसन्मानाचे कवच होते. पुढे मिसिसिपीच्या ग्रामीण भागात काम करताना विद्यार्थी समन्वय समितीच्या कार्यकर्त्यांनी ते कवच उतरविले आणि शेतमजुराची निळी डेनिम अंगावर चढविली. गुलामांच्या भरड कापडाची आठवण ज्या वस्त्राला चिकटली होती, ते वस्त्र त्यांनी स्वेच्छेने स्वीकारले व त्याचा अर्थ पालटला. १९६९ मध्ये टिंकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधण्याचा शाळकरी मुलांचा हक्क भाषणस्वातंत्र्यात मोडतो, असा निर्णय दिला. अंगावर काय घालावे हा प्रश्न अशा रीतीने घटनात्मक स्वातंत्र्याच्या कक्षेत आला. शिष्टाचार कायद्यापेक्षाही मंद गतीने बदलतो, हेही येथे नमूद केले पाहिजे; अमेरिकन सेनेटच्या सभागृहात स्त्री-सदस्यांना विजार घालून वावरण्यास मोकळीक मिळाली ती १९९३ मध्ये.

ग्रीन्सबरो या गावाचे नाव या इतिहासात आणखी एका कारणाने येते. तेथील व्हाइट ओक ही गिरणी १९०५ पासून डेनिम विणीत होती. ३१ डिसेंबर २०१७ रोजी ती बंद पडली. मध्यंतरी १९७४ चा बहुधागा करार, १९९४ चा उत्तर अमेरिकन मुक्त व्यापार करार आणि १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आलेली आयात-मर्यादा या टप्प्यांनी कपड्यांचे उत्पादन देशाबाहेर गेले. लीव्हाय स्ट्रॉस कंपनीनेही या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील आपले अखेरचे कारखाने बंद केले. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कपडे परदेशातून येतात. वापरणाऱ्यांमधील समता कदाचित पूर्वी कधीही नव्हती इतकी व्यापक आहे; उद्योगपती आणि विद्यार्थी एकाच प्रकारची जीन व सदरा घालतात.

या समतेचा हिशेब २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील ढाक्यानजीक सावर येथे पुन्हा मांडला गेला. राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगारांचा बळी गेला. भिंतींना तडे गेल्याचे आदल्याच दिवशी दिसले होते, तरीही कामगारांना कामावर बोलाविण्यात आले. तत्पूर्वी पाचच महिने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, ताजरीन या कारखान्यास लागलेल्या आगीत शंभराहून अधिक कामगार मेले होते. या दोन्ही ठिकाणी युरोप-अमेरिकेच्या बाजारपेठांसाठी कपडे शिवले जात. १९११ च्या आगीत आणि या घटनांत शतकाचे अंतर आहे. परंतु मृतांत तरुण स्त्रियांचे प्रमाण, मालाची घाई आणि धोक्याकडे केलेले दुर्लक्ष यांत फारसे अंतर नाही.

एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. ट्रँगल कारखाना न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीत होता. त्या शनिवारी वॉशिंग्टन चौकात फिरावयास आलेल्या नागरिकांनी तो संहार डोळ्यांनी पाहिला, आणि पाहणाऱ्यांना मताधिकाराने वा प्रतिष्ठेने आपल्या कायदेमंडळावर दडपण आणता आले. वस्त्र वापरणारा व निर्माण करणारा एकाच कायद्याच्या छत्राखाली होते, म्हणूनच आगीतून कायदा निघू शकला. कापडाचा व्यवहार राष्ट्राच्या सीमा ओलांडून गेल्यावर ही शक्यता क्षीण झाली. राणा प्लाझानंतर कामगार संघटना व परदेशी कंपन्या यांच्यात सुरक्षिततेचा करार झाला, आणि शेकडो कारखान्यांची तपासणी होऊन सुधारणाही झाल्या. पण तो करार होता, नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींकरवी केलेला कायदा नव्हता.

म्हणून अमेरिकन पोशाखाचा इतिहास लिहिताना केवळ झग्याची लांबी किंवा कोटाचा काप यांच्या नोंदीवर थांबून चालत नाही. वॉशिंग्टन यांची तपकिरी बनात आणि माउंट व्हर्ननच्या गुलामांचे ओझ्नाबर्ग ही दोन वस्त्रे एकाच मालकाने निवडली होती, म्हणून त्यांचा संबंध अभ्यासकाला सहज जोडता येतो. आजच्या वस्त्रांचा असा संबंध अनेक देशांच्या बंदरांतून, करारांतून आणि ठेकेदारांच्या वह्यांतून विखुरलेला आहे. तो जुळविणे हे या विषयाच्या पुढील संशोधनाचे खरे काम आहे.